मामांच्या बसचं रिवाइंडिंग

मी वायर कापली ती काही इंटरनेटवर राग होता म्हणून नाही. इंटरनेटनं माझं काय घोडं मारलंय? राग होता तो वायर टाकणाऱ्यावर. त्यानं खांबावरून वायर आणली ती सरळ माझ्या वर्कशॉपच्या दारातून, आणि तीही नेमकी माझ्या गळ्याच्या उंचीवर. सकाळी मोटर खांद्यावर घेऊन बाहेर पडलो आणि फासावर चढवल्यासारखा मागे आलो. त्याला बोलावलं. म्हटलं, "ही वर घे."

तो म्हणतो, "काका, तेवढं वाकून जायचं."

वाकून! माझ्या दारातून! मी! पक्कड हातातच होती. (पक्कड माझ्या हातात नसते अशी वेळ म्हणजे जेवणाची. तेव्हा ती ताटाशेजारी असते.) कट्‌कन वायर तोडली. त्याच्या डोळ्यांदेखत तोडली. उरलेली गुंडाळून त्याच्या गळ्यात घातली आणि म्हटलं, "आता तू जा वाकून."

बायको दारात उभी राहून सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "झालं समाधान?"

झालं होतं. खोटं कशाला बोलू.

तसं आमचं काही अडलंही नाही. कॉम्प्युटर मुलीचा. ती शिकायला गेली, हॉस्टेलवर राहिली, आणि कॉम्प्युटर आमच्या घरात विणलेल्या रुमालाखाली झोपून राहिला. आमचं घर पडलं खोलगटात. मोबाइलला रेंज हवी तर मागच्या टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं, तिथंही नुसतं बोलण्यापुरती. इंटरनेट म्हणून जे काय घरात येत होतं ते त्या वायरीतून, आणि ती मी कापलेली. पंप आणि मोटरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला इंटरनेट लागतं कशाला? जळलेली मोटर येते, आम्ही जुनी तार उपटून काढतो, नवीन तांब्याची तार भरतो, वॉर्निश मारतो, गिऱ्हाईक घेऊन जातं. यात इंटरनेट कुठं बसतं सांगा.

मग मामा आले.

मामा म्हणजे माझे सासरे. बायको त्यांना आप्पा म्हणते. जन्मभर बस चालवली त्यांनी. आणि चालवली म्हणजे कशी? माणूस सोडा, कोंबडीलासुद्धा कधी धक्का लागला नाही. रिटायर झाले तेव्हा लोकांनी हार घातले, भाषणं केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा सवयीनं उठले, टोपी घातली आणि जायला कुठं नाही म्हणून अंगणात उभे राहिले. सासूबाई गेल्यावर तर घरात एकटेच. त्यात गुडघा दुखायला लागला. बायको जाऊन घेऊन आली. मला विचारलं नाही. (विचारलं असतं तर मी आधी ओरडलो असतो आणि मग हो म्हटलं असतं. तिला हे माहीत असल्यामुळे ती मधला भाग गाळते.)

सुट्टीला मुलगी आली. आजोबा खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांना मनातल्या मनात ब्रेक लावतायत हे तिनं बघितलं आणि जाताना एक सीडी घालून कॉम्प्युटरवर बसचा गेम टाकून गेली. 

काय सांगू तुम्हाला! मामा दहा वर्षांनी लहान झाले. सकाळी अंघोळ करून, टोपी घालून, कॉम्प्युटरसमोर ड्यूटीवर. पडद्यावर खरीखुरी बस. थांबे, सिग्नल, चढणारी-उतरणारी माणसं. बाणाच्या बटणांवर बोटं आणि तोंडानं चालू, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा आहे! ओ बाई, पिशवी आत घ्या!" कोपऱ्यात एक आकडा दिसायचा, अपघात किती झाले त्याचा. तिथं कायम शून्य. घरी येईल त्याला मामा आधी ते शून्य दाखवायचे, मग बसा म्हणायचे. पोस्टमनला दाखवलं. गॅसची टाकी घेऊन आलेल्याला, टाकी त्याच्या खांद्यावर असताना, दाखवलं. "नोकरीत शून्य, इथंही शून्य," म्हणायचे, आणि छाती अशी फुगायची की शर्टाची बटणं मोजायला हवीत.

मामा खूष, बायको खूष, मी वर्कशॉपात एकटा म्हणून मी सगळ्यात खूष.

आणि एक दिवस मामा भर दुपारी खुर्चीवरून उठले. समोर चहा आणून ठेवलेला, तो तसाच. कॉम्प्युटर बंद केला, त्याच्यावर स्वतःच्या हातानं रुमाल टाकला, काठी घेतली आणि थेट माझ्या वर्कशॉपात येऊन स्टुलावर बसले.

"काय मामा, ड्यूटी संपली?"

"रस्ते संपले," मामा म्हणाले. "सगळे रस्ते चालवून झाले. आता काय तेच तेच."

म्हटलं बसतील तासभर. कसलं काय! दुसऱ्या दिवशीपासून मामांची ड्यूटी वर्कशॉपात सुरू झाली.

आता माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाइकानं विचारलं मोटर कधी मिळेल, की मी सांगतो, "उद्या या." उद्या आला की सांगतो, "उद्या या." यात कुणाची फसवणूक नाही. गिऱ्हाइकालाही कळतं, मलाही कळतं, आणि एक दिवस मोटर होतेच. पण मामा पडले टाइमटेबलवाले. गिऱ्हाईक दारात आलं की माझ्या आधी मामा बोलायचे, "तुमची मोटर सव्वाचार वाजता सुटेल."

आणि माणसं सव्वाचारला यायची! घड्याळ बघत यायची! माझ्याकडं आजपर्यंत घड्याळ बघून कुणी आलं नव्हतं. मोटर उघडीच पडलेली, आणि मामा त्यांना सांगायचे, "गाडी थोडी लेट आहे. रांगेत थांबा."

वर मी कॉइल ठोकत बसलो की मागून आवाज, "सावकाश, सावकाश. घाई नको. पुढं वळण आहे."

"मामा, कॉइलला कसलं वळण?"

"गोल आहे ना? सगळं वळणच आहे."

चौथ्या का पाचव्या दिवशी माझा पारा चढला. सासऱ्यांवर ओरडता येत नाही, म्हणून मी घरात जाऊन बायकोवर ओरडलो. "तुझ्या आप्पांना सांग, परत बस चालवायला बसा म्हणावं. माझं दुकान बस स्टँड झालंय!"

"मग आणा की नवीन रस्ते," बायको म्हणाली.

"कुठून आणू? मी काय ठेकेदार आहे?"

"लेकीला विचारा."

चढलो टाकीवर. मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, सोपं आहे. त्या गेमचं नवीन अपडेट आलंय, त्यात डोंगरातला रस्ता आहे. तुम्ही फक्त इंटरनेट चालू करा, आपोआप होईल."

मी टाकीवरून खाली खांबाकडं बघितलं.

"बाबा? ऐकू येतंय ना? वायर लावलेली आहे ना?"

"वायरीचं..." मी म्हटलं, "वायरीचं जरा वेगळं झालंय."

पलीकडून उसासा आला. तो उसासा तिनं तिच्या आईकडून घेतलाय, अगदी जसाच्या तसा. मग म्हणाली, "बरं. बाजारपेठेत झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं इंटरनेट आहे. त्या ताईंना गेमचं नाव सांगा, त्या पेनड्राइव्हवर अपडेट उतरवून देतील. घरी आणून कॉम्प्युटरला लावायचं, बस्स."

वायरवाल्याला परत बोलावण्यापेक्षा हे मला शंभर पटीनं पटलं.

खाली आलो तर मामा टेकाडाच्या पायथ्याशी काठी टेकून उभे. मी सांगितलं, "मामा, उद्यापासून डोंगरातला रस्ता! वळणावर वळण!"

मला वाटलं उडी मारतील. मामांनी नुसतं विचारलं, "जावईबापू, ते नवीन टाकलं की आतलं जुनं सगळं पुसलं जातं का हो?"

मला त्यांची काळजी कळली. ते शून्य! म्हटलं, "छे छे, मामा! मी आहे ना! तुमच्या जुन्याला केसाचाही धक्का लागणार नाही. शब्द देतो."

"लागणार नाही?" मामा म्हणाले.

"अजिबात नाही!"

"बरं," म्हणाले, आणि हळूहळू घराकडं गेले. म्हातारं माणूस, विश्वास बसत नसेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात ही गर्दी. मला रांग जमत नाही. बाजूनं हात घातला आणि म्हटलं, "ताई, ते बसचं नवीन द्या."

"टाइमटेबल? ते स्टँडवर मिळेल, काका."

"टाइमटेबल नको! नवीन रस्ता पाहिजे!"

"रस्त्याची तक्रार आहे का? मग अर्ज लिहून आणा, मी झेरॉक्स काढून देते."

"अहो, गेमातली बस! कॉम्प्युटरवर चालवायची! तिचं अपडेट!"

"असं होय!" ती हसली. "नातवाला पाहिजे?"

"सासऱ्यांना."

अख्ख्या रांगेनं माझ्याकडं वळून बघितलं. मीही रांगेकडं बघितलं, तेव्हा रांग परत पुढं बघायला लागली.

तिनं शोधलं, उतरवायला लावलं. उतरता उतरता वाचूनही दाखवलं. डोंगरातला रस्ता आहे, धुकं आहे, आणि आता म्हणे बसमधल्या प्रवाशांना ड्रायव्हरची वागणूक आवडली नाही तर ते नाराज होतात. मी म्हटलं, होऊ देत, आमचे मामा देवमाणूस. पेनड्राइव्ह हातात देताना ती म्हणाली, "काका, हे नुसतं अपडेट आहे हं. आहे त्या गेमवरच बसतं. जुन्याला हात..."

"ताई," मी म्हटलं, "मी मोटरी भरतो. जुनं कसं आणि नवीन कसं हे मला शिकवू नका."

"अहो, पण ऐका तर..."

"ऐकलं!"

ऐकलं नव्हतं. पण आवाज मोठा होता, त्यामुळे तिला वाटलं ऐकलं असेल.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण माझी चूक झाली ती अडाणीपणामुळे झाली असं बायको म्हणते. ते साफ खोटं आहे. चूक झाली ती अनुभवामुळे. मोटर रिवाइंड करायची तर जुनी तार मुळापासून काढावी लागते. एक वेढा जरी आत राहिला तरी नवीन तार त्याला चिकटते आणि सगळं जळतं. खाचा ब्रशनं साफ करायच्या, फुंकर मारायची, बोट फिरवून बघायचं, आणि मगच नवीन. उभ्या जन्मात मी जुन्यावर नवीन भरलेलं नाही. जे भरतात त्यांच्या मोटरी शेवटी माझ्याकडंच येतात.

मुलगी एकदा कॉम्प्युटरवरून काहीतरी नको असलेलं काढत होती, ते मी मागं उभा राहून बघितलेलं. डोळ्यानं बघितलेलं काम मी विसरत नाही. रुमाल काढला, कॉम्प्युटर चालू केला, तीच जागा शोधली, बसचं चित्र दिसलं आणि काढायचं बटण दाबलं. त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. इंग्रजी मला स्विचवरचं येतं, ऑन, ऑफ आणि डेंजर. आणि येस, नो. त्यानं विचारलं, मी येस दाबलं. परत विचारलं, परत येस. तिसऱ्यांदा जरा लांबलचक विचारलं. मनात म्हटलं, किती प्रश्न विचारतोस बाबा, येस!

मग ती कचऱ्याची बादली असते ना कोपऱ्यात, तीही रिकामी केली. खाच कशी स्वच्छ पाहिजे. फुंकर तेवढी मारायची राहिली.

पेनड्राइव्ह लावला. बटण दाबलं. पडद्यावर एक लाल फुली आली आणि खाली दोन ओळी.

"अगं, जरा बघ काय म्हणतोय हा."

बायको बारावी शिकलीय. पदराला हात पुसत आली, वाचलं, आणि परत वाचलं. "म्हणतोय गेम सापडत नाही. आधी गेम पाहिजे, मग त्यावर अपडेट."

"गेम कसा असेल? गेम मी काढला."

"काढला म्हणजे?"

"उपटून काढला. स्वच्छ केलं सगळं."

बायको खाली बसली. खुर्ची नव्हती तिथं, तरी बसली. "आणि आप्पांचं ते शून्य? त्याचं काय?"

मी सांगितलं की तिसऱ्यांदा काहीतरी लांबलचक विचारलं होतं. तिनं विचारलं, तुम्ही काय दाबलं. मी सांगितलं, येस.

"अहो, त्या शून्यावर जगतो तो माणूस! येईल त्याला दाखवतात! त्यांना कळलं तर पिशवी भरून निघतील, परत त्या रिकाम्या घरात जाऊन बसतील. माझ्या आप्पांना एवढ्या मुश्किलीनं आणलं मी..." आणि तिचे डोळे भरले.

बायको भांडली की मला बळ येतं. बायको रडली की मला कुठं उभं राहावं ते कळत नाही. तेवढ्यात बाहेरून मामांचा आवाज आला. एका गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "साडेपाचला नक्की सुटेल." आणि खरं सांगतो, त्या वेळी तो आवाज मला नकोसा झाला नाही. उलट उद्या हा आवाज नसला तर काय, असं मनात आलं. (हे बायकोला सांगू नका. ती लगेच चुलत्यालाही राहायला बोलावेल.)

धावत टाकीवर. मुलीला सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही सेव्ह पण उडवलं?"

"मी काही उडवलं नाही. त्यानं विचारलं, मी हो म्हटलं."

"म्हणजे आजोबांचं सगळं गेलं. ते आता परत येणार नाही." मग म्हणाली, "निदान गेम तरी परत टाका. ती सीडी असेल बघा, टेबलाच्या खणात ठेवली होती."

खणात सीडी नव्हती. बायकोला विचारलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि परसाकडं बघितलं.

परसात टोमॅटोच्या वाफ्यावर काठी, काठीला दोरी आणि दोरीला लटकून गरगर फिरत, उन्हात चमकत, पाखरांना घाबरवणारी आमची सीडी!

"मला वाटलं रिकामी आहे," बायको म्हणाली. मी तोंड उघडलं. "तुम्ही काही बोलायचं नाही," ती म्हणाली. मी तोंड मिटलं. आज माझी बोलायची पत नव्हती.

सीडी सोडवली. एका बाजूनं पाखरांनी आपला राग काढून ठेवलेला. (म्हणजे घाबरत कुणीच नव्हतं.) बायकोनं ती साबणानं धुतली, मऊ फडक्यानं पुसली, मी मोटरच्या बेअरिंगवर मारतो तशी हळूच फुंकर घातली आणि आत सरकवली. आतून असा आवाज आला की मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, असली मोटर मी हातात घेतली नसती. घरघर, खरखर, मग एकदम शांत, मग परत घरघर. बायकोनं डोळे मिटले होते. मीही मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर बस उभी होती.

मग पेनड्राइव्ह. या वेळी प्रत्येक प्रश्न बायकोनं वाचला आणि माझा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावला. अपडेट बसलं. डोंगर आला, धुकं आलं, आणि मधोमध एक पाटी आली. बायकोनं वाचली. "नवीन ड्रायव्हर. शिकाऊ."

शिकाऊ! जन्मभर बस चालवलेला माणूस, शिकाऊ! माझ्याच हातानं मी त्यांना शिकाऊ करून ठेवलं.

"तुम्ही सांगा," बायको म्हणाली.

"तुझे वडील आहेत."

"तुमचं येस आहे."

मामांना बोलवायला गेलो. ते स्टुलावरून उठले, काठी टेकत आले, खुर्चीत बसले, पडद्याकडं बघितलं. मी ठरवलं, आडवळणानं बोलायचं नाही. मला येतही नाही. म्हटलं, "मामा, मी शब्द दिला होता, तो मोडला. तुमचं जुनं सगळं गेलं. मीच पुसलं. तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी उभा आहे."

मामांनी बोटानं पडद्यावरची ती पाटी दाखवली. "सगळं गेलं? आत कुठंच राहिलं नाही?"

"एक वेढा राहिला नाही, मामा. मुळापासून गेलं."

"नक्की?"

"कचऱ्याची बादलीसुद्धा ओतली."

मामांनी टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. आणि एवढा मोठा श्वास सोडला की शेजारचा रुमाल हलला. मग हसायलाच लागले. बायको घाबरली. "आप्पा, पाणी देऊ?"

"अगं, गाय होती," मामा म्हणाले.

"कुठली गाय?"

"त्या बाजाराच्या वळणावर. गेमात. रोज असायची, रोज मी थांबायचो. त्या दिवशी तू चहा आणलास, मी कपाकडं बघितलं तेवढ्यात..." त्यांना पुढं बोलवेना. "शून्याचं एक झालं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पुसायला बघितलं, पुसलं जाईना. रोज दिसणार, येईल त्याला दिसणार. मग टाकला रुमाल आणि जाऊन बसलो जावईबापूंकडं."

"म्हणजे रस्ते संपले नव्हते?" मी विचारलं.

"निम्मेसुद्धा झाले नव्हते."

"आणि तुम्ही मला विचारलंत, जुनं पुसलं जातं का..."

"मला वाटलं, नव्याबरोबर जाईल पुसून. तुम्ही कसले! छाती ठोकून म्हणालात, केसाचाही धक्का लागणार नाही. रात्रभर डोळा लागला नाही माझा." मामांनी माझा हात धरला. "पण काम केलंत हो. सांगून झालं नसतं ते न सांगता केलंत."

मी बायकोकडं बघितलं. म्हटलं, "बघ! अनुभव!"

ती म्हणाली, "गप्प बसा."

मग मामांनी टोपी घातली आणि शिकाऊ म्हणून गाडी काढली. आम्ही दोघं मागं उभे. साडेपाचचं ते गिऱ्हाईकही मोटर विचारायला आलं आणि तेही मागं उभं राहिलं. थांबे आले, गेले. "पुढं सरका, पुढं सरका!" आणि मग बाजाराचं वळण आलं. गाय रस्त्यात उभी. मामांनी इतक्या लांबून ब्रेक लावला की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. मामांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. गायीला काही घाई नव्हती. आमच्यातलं कुणी श्वास घेत नव्हतं. शेवटी तिनं शेपटी हलवली, आणि चालत चालत पलीकडं गेली.

कोपऱ्यात शून्य.

"आता चहा आण," मामा म्हणाले.

तेव्हापासून सगळं झकास आहे. मामा सकाळी डोंगरातल्या रस्त्यावर असतात आणि दुपारी तासभर, हौस म्हणून, माझ्याकडं स्टुलावर. पोस्टमनला शून्य परत दाखवून झालंय. फक्त चहा आला की मामा आधी बस थांब्यावर उभी करतात, मग कपाकडं बघतात. मोटरी अजून सव्वाचारला सुटत नाहीत, पण साडेचारला सुटतात, आणि गिऱ्हाइकं वाढली हे मी कुणाजवळ कबूल करत नाही.

परवा मामा म्हणाले, "जावईबापू, एवढी खटपट केलीत, एक फेरी तुम्हीही मारा."

म्हटलं, त्यात काय! बसलो. निघालो. समोरचा टेम्पो हलेना, हॉर्न दाबला. हलला नाही, हॉर्नवरून बोट काढलंच नाही. थांब्यावर एक माणूस चढायला उशीर लावत होता, दार लावून घेतलं. सिग्नल लाल होता, तो बराच वेळ लाल राहिला, शेवटी मीच त्याच्यावर ओरडलो. पडद्याच्या वरच्या कडेला छोटे छोटे चेहरे असतात प्रवाशांचे. सगळे लाल व्हायला लागले. पहिल्या थांब्यावर निम्मी गाडी उतरली. दुसऱ्या थांब्यावर राहिलेली उतरली. तिकिटं पुढची काढलेली, तरी उतरली.

पण शेवटच्या सीटवर एक म्हातारा बसून होता. हलला नाही. मी बायकोला बोलावलं, मामांना दाखवला. म्हटलं, "बघा! ज्याला माणसं कळतात, तो थांबतो!"

मामांनी चष्मा सारखा केला आणि जवळ जाऊन बघितलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तो झोपलाय."

पुढच्या वळणावर मी हॉर्न दाबला. तो जागा झाला, इकडंतिकडं बघितलं, आणि थांबा यायची वाटसुद्धा न बघता उतरून गेला.